इक्विफॅक्स डेटाचोरी: १२५ डॉलर कुठे विरले

जुलै २०१९ च्या अखेरीस अमेरिकेत बातमी फिरली की इक्विफॅक्सच्या डेटाचोरीत ज्यांची माहिती गेली त्यांना प्रत्येकी १२५ डॉलर मिळणार. अर्ज ऑनलाइन होता आणि पाच-दहा मिनिटांत भरून होत होता, त्यामुळे लोक अक्षरशः तुटून पडले. डिसेंबर २०२२ मध्ये पैसे खरोखर जमा होऊ लागले तेव्हा अनेकांच्या हाती दहा डॉलरही पडले नाहीत. यात कोणी शब्द फिरवला नव्हता. हे गणित इक्विफॅक्सने केलेल्या तडजोडीच्या मसुद्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. त्याच मसुद्यात पावत्या जोडणाऱ्याला २०,००० डॉलरपर्यंत भरपाई मागण्याची सोय होती, पण त्या कलमाची बातमी झाली नाही.

चोरी कशी झाली

इक्विफॅक्स ही अटलांटाची क्रेडिट ब्युरो. बँका, कार्ड कंपन्या आणि कर्ज देणाऱ्या संस्था तुमच्या हप्त्यांची माहिती तिला पाठवतात, ती त्यावरून अहवाल बनवते आणि विकते. तुम्ही तिच्याशी कधी करार केलेला नसतो, म्हणून ‘माझी माहिती काढून टाका, मी दुसरीकडे जातो’ असे म्हणायचा रस्ताही नसतो. दुकान बदलता येते, ब्युरो बदलता येत नाही. पुढच्या सगळ्या उपायांना मर्यादा पडल्या त्या इथूनच.

७ मार्च २०१७ रोजी अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील एक गंभीर भोक जाहीर झाले आणि ते बुजवणारा पॅचही त्याच वेळी उपलब्ध झाला. दुसऱ्या दिवशी अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेने इक्विफॅक्सला इशारा पाठवला. ९ मार्चला कंपनीत अंतर्गत ईमेल गेला, पण ईमेलची यादी जुनी होती. अहवालातील चुकांबद्दल ग्राहक जिथे तक्रार नोंदवतात ते पोर्टल स्ट्रट्सवर चालत होते आणि ते पॅचविनाच राहिले. १५ मार्चला केलेल्या स्कॅनमध्येही ते सापडले नाही. १३ मे रोजी चोर आत आले. एका फाइलमध्ये उघड्यावर ठेवलेले पासवर्ड त्यांना मिळाले आणि पोर्टलच्या मोजक्या डेटाबेसवरून ते आणखी ४८ डेटाबेसपर्यंत पोचले. सुमारे ९,००० क्वेरी चालवून २६५ वेळा त्यांनी वैयक्तिक माहिती उचलली.

हे ७६ दिवस कोणाला दिसले नाही, कारण बाहेर जाणारी सांकेतिक (एन्क्रिप्टेड) रहदारी उलगडून तपासणाऱ्या उपकरणाचे डिजिटल प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी मुदत संपून पडले होते. उपकरण चालू होते, रहदारीही त्यातून जात होती, फक्त ते आत काही वाचू शकत नव्हते. २९ जुलैला नवे प्रमाणपत्र बसवले आणि त्याच दिवशी संशयास्पद हालचाल दिसली. लोकांना मात्र ७ सप्टेंबरला कळवले गेले.

सुरुवातीला १४ कोटी ३० लाख लोक बाधित असल्याचे सांगितले गेले, नंतर आकडा १४ कोटी ७० लाखांच्या पुढे सरकला. मे २०१८ मध्ये कंपनीने दिलेल्या तपशिलानुसार १४.५५ कोटी सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेत माणसाला मिळणारा नऊ अंकी सरकारी ओळख क्रमांक), ९.९ कोटी पत्ते, १.७६ कोटी वाहन परवाना क्रमांक आणि २,०९,००० कार्ड क्रमांक गेले होते. या चारांत सर्वांत लहान आकडा कार्डांचा आहे, हे लक्षात ठेवा. कार्ड एका फोनवर रद्द होते. सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि जन्मतारीख आयुष्यभर तीच राहते, त्यामुळे चोराला घाई नसते.

पहिले पंधरा दिवस

चोरीनंतर कंपनी ग्राहकाशी कशी वागते, यावर त्याचे अर्धे नुकसान ठरते. इक्विफॅक्सने इथे जे केले ते शिकवणीत ‘असे करू नये’ म्हणून दाखवावे असे आहे. ‘माझी माहिती गेली का’ हे पाहायला तिने मूळ संकेतस्थळाऐवजी एक नवेच संकेतस्थळ उघडले, आणि तिथे आडनावासोबत सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे सहा अंक मागितले. नऊपैकी सहा! हे पान एकाच व्यक्तीला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी उत्तरे देत होते. पत्ता इतका बनावट वाटण्याजोगा होता की एका संगणक अभियंत्याने त्यातील शब्द उलटसुलट करून नमुन्यादाखल खोटे पान बनवले, आणि कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्याने तक्रारदारांना त्याच खोट्या पानावर पाठवले.

क्रेडिट अहवालावर नजर ठेवणारी जी देखरेख सेवा मोफत देऊ केली तिच्या अटींत लवादाचे कलम होते. ते मान्य केले की न्यायालयात सामूहिक दाव्यात सामील होता येणार नाही, अशी लोकांची भीती होती. ओरड झाल्यावर काही दिवसांत कंपनीने ते मागे घेतले. आपल्या नावावर नवे कर्ज निघू नये म्हणून क्रेडिट अहवाल गोठवणाऱ्यांना दिलेला दहा अंकी पिन म्हणजे गोठवल्याची तारीख आणि वेळ असल्याचेही उघड झाले. चोराला तो ओळखायला फार डोके लागले नसते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. चोरीनंतर कंपनी जी मोफत सेवा देते तिच्या अटींत ‘लवाद’, ‘दाव्याचा अधिकार सोडणे’ किंवा ‘ठरावीक काळानंतर आपोआप शुल्क’ हे शब्द आधी शोधावेत. तेव्हाच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवावा, कारण अटी बदलल्या जातात.

न्यायालयात अडचण कशाची

माहिती चोरीला गेली एवढ्यावर भरपाई मिळते असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकी संघीय न्यायालयात वादीला प्रत्यक्ष आणि ठोस इजा दाखवावी लागते. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सयुनियन या दुसऱ्या ब्युरोच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने हे आणखी घट्ट केले. त्या दाव्यातील ८,१८५ जणांच्या फाइलवर दहशतवादी यादीशी नाव जुळत असल्याची चुकीची नोंद होती; पण ज्यांचा अहवाल प्रत्यक्षात तिसऱ्याला पाठवला गेला त्या १,८५३ जणांचाच नुकसानभरपाईचा हक्क न्यायालयाने मानला. बाकीच्यांची चुकीची नोंद फाइलमध्येच पडून होती, म्हणून इजा नाही.

इक्विफॅक्सच्या बाबतीत दुसरा पेच होता. तडजोडीनंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी न्याय विभागाने चीनच्या लष्करातील चौघांवर आरोप ठेवले. चोरी हेरगिरीसाठी असेल तर माल काळ्या बाजारात येत नाही, आणि मग ‘माझ्या नावावर काढलेले हे कर्ज याच चोरीतून आले’ हे दाखवणे अवघड होते. इजा आणि तिचा चोरीशी संबंध सिद्ध करणे असे अनिश्चित असल्याने निकालापेक्षा तडजोड बरी, हा दोन्ही बाजूंचा हिशेब होता. आमच्या मते बाधितांसाठीही तो चुकीचा नव्हता, फक्त तडजोड वाचायची पद्धत चुकली.

तडजोडीतील पैसा

२२ जुलै २०१९ रोजी फेडरल ट्रेड कमिशन, ग्राहक वित्त संरक्षण विभाग आणि ४८ राज्ये, तसेच वॉशिंग्टन डीसी आणि पोर्तो रिको यांच्याशी तडजोड जाहीर झाली. ‘७० कोटी डॉलरपर्यंत’ ही ठळक बातमी. फोड अशी: ३० कोटी ग्राहक निधीला, तो अपुरा पडल्यास आणखी १२.५ कोटींपर्यंत, १७.५ कोटी राज्यांना आणि १० कोटी दंड म्हणून ग्राहक वित्त संरक्षण विभागाला. राज्यांचे पैसे आणि दंड बाधिताच्या खिशात येत नाहीत.

ग्राहकाला निवडायला मुख्य वाट दोन प्रकारची होती. एक, मोफत देखरेख: किमान चार वर्षे इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्युरोंवर, नंतर सहा वर्षांपर्यंत फक्त इक्विफॅक्सवर. दोन, ज्याच्याकडे आधीच अशी सेवा आहे आणि ती किमान सहा महिने चालू राहणार आहे, त्याला देखरेखीऐवजी ‘१२५ डॉलरपर्यंत’ रोख. रोखीसाठी राखलेली रक्कम होती ३.१ कोटी डॉलर. भागाकार करून पाहा: १२५ डॉलर पुरतात ते २,४८,००० जणांना, म्हणजे बाधितांच्या ०.१७ टक्क्यांना. तीस लाख लोकांनी मागितले तर प्रत्येकी दहा डॉलरच्या आसपास. आठवड्याभरातच फेडरल ट्रेड कमिशनला सांगावे लागले की रोख फार कमी मिळेल, देखरेख घ्या.

सप्टेंबरमध्ये रोख मागणाऱ्यांना ईमेल गेला: तुमच्याकडे असलेल्या देखरेख सेवेचे नाव कळवा, नाहीतर दावा बदला, मुदत १५ ऑक्टोबर. अनेकांनी तो ईमेल फसवा समजून उघडला नाही. दोन वर्षे ‘अनोळखी दुव्यावर क्लिक करू नका’ ऐकलेल्या माणसाने तसे केले तर त्याला दोष कसा द्यावा? पण उत्तर न देणाऱ्याचा दावा बाद होत होता. दावा केला की त्या ईमेल पत्त्यावर लक्ष ठेवावे आणि दुव्यावर न जाता तडजोडीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून स्थिती तपासावी.

पावत्यांचा दावा

या तडजोडीत खरी किंमत होती ती खर्चाच्या भरपाईला. एका व्यक्तीला कमाल २०,००० डॉलर. त्यात बसत होते: भरून न मिळालेली फसवणुकीची रक्कम, ७ सप्टेंबर २०१७ नंतर क्रेडिट गोठवण्या-उघडण्याचे शुल्क, त्यानंतर विकत घेतलेली देखरेख, वकील किंवा हिशेबनिसाची फी, नोटरी, टपाल, फॅक्स, फोन आणि प्रवास. इक्विफॅक्सकडूनच ७ सप्टेंबर २०१६ ते ७ सप्टेंबर २०१७ या काळात देखरेख विकत घेतली असेल तर तिच्या किमतीच्या २५ टक्के परत. वेळेचेही पैसे होते: ताशी २५ डॉलर, एकूण २० तासांपर्यंत. त्यातील पहिले १० तास काय केले हे लिहून स्वतःच्या सहीवर मागता येत होते, त्यापुढे फसवणुकीचे कागद लागत. वेळेच्या भरपाईलाही एकूण रकमेची मर्यादा होती, त्यामुळे तीही कापली जाण्याची शक्यता होती.

फसवणुकीच्या नुकसानाचा दावा तपासताना तीन गोष्टी पाहिल्या जात: घटना १३ मे २०१७ नंतरची आहे का, या चोरीत गेलेल्या प्रकारच्या माहितीचा गैरवापर झाला आहे का, आणि दावेदाराची तीच माहिती गेली होती का. इथेच बहुतेक दावे अडतात. पेट्रोल पंपावर कार्ड कॉपी होऊन ३०० डॉलर गेले, तर कार्ड त्या २,०९,००० मध्ये नसेल तेव्हा संबंध जुळत नाही. शिवाय ती रक्कम बहुधा बँक परत करते. तुमच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर नवे कर्ज उघडले गेले आणि ते निस्तरायला वकील लावावा लागला, तर तीनही कसोट्या जुळतात.

म्हणून चोरीची बातमी आल्या दिवसापासून एक साधी वही किंवा शीट सुरू करावी. तारीख, किती मिनिटे, कोणाशी बोललो, तक्रार क्रमांक, किती खर्च, पावती कुठे आहे. पोलिस तक्रारीची प्रत, बँकेचे नकारपत्र, कर्ज देणाऱ्याचे ‘हे खाते तुमचे नाही’ असे पत्र हे तीन कागद सर्वांत जड. दोन वर्षांनी तडजोड होते तेव्हा आठवणीवर वेळ लिहिणारा आणि नोंद ठेवणारा यांच्या दाव्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिली मुदत २२ जानेवारी २०२० ला संपली, पण त्यानंतर झालेल्या नुकसानासाठी २२ जानेवारी २०२४ पर्यंत दुसरी खिडकी उघडी होती. ती अनेकांना माहीतच नव्हती. तडजोड अंतिमतः लागू झाली ११ जानेवारी २०२२ रोजी, अपिले संपल्यावर. ओळखचोरीतून सावरायला मोफत मदत मात्र दावा न केलेल्या बाधितांनाही ठेवली होती, किमान सात वर्षांसाठी.

जे फुकट मिळाले ते जास्त टिकले

या प्रकरणाचा सर्वांत उपयोगी परिणाम तडजोडीतून नव्हे, कायद्यातून आला. चोरीपूर्वी क्रेडिट गोठवायला अनेक राज्यांत प्रत्येक ब्युरोला पाच-दहा डॉलर द्यावे लागत. २१ सप्टेंबर २०१८ पासून संघीय कायद्याने ते सर्वांना मोफत झाले. ऑनलाइन किंवा फोनवर मागितले तर ब्युरोने एका कामकाजाच्या दिवसात गोठवले पाहिजे आणि उघडायला सांगितले तर एका तासात. सोळा वर्षांखालील मुलांचेही पालक मोफत गोठवू शकतात.

गोठवणे इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्हींकडे वेगवेगळे करावे लागते. एकीकडे केले आणि झाले असे नाही. ‘फ्रॉड अलर्ट’ (कर्ज देण्याआधी ओळख नीट तपासा, अशी अहवालावरची सूचना) मात्र एकीला सांगितला की ती इतर दोघींना कळवते, तो एक वर्ष टिकतो. ब्युरोच्या पानावर ‘लॉक’ नावाचे बटण दिसते. ते कंपनीचे स्वतःचे उत्पादन आहे, कायद्याचे संरक्षण ‘फ्रीझ’ला, म्हणजे गोठवण्याला आहे. गोठवण्याने नवे कर्ज अडते. जुन्या खात्यातील चोरी आणि तुमच्या नावाने भरलेले आयकर विवरण अडत नाही. करासाठी अमेरिकी आयकर खात्याकडून सहा अंकी ओळख पिन घ्यावा, तो दरवर्षी नवा असतो आणि २०२१ पासून कोणालाही मिळतो.

खोटे खाते उघडले गेलेच, तर संघीय क्रेडिट अहवाल कायद्याखाली तीन हत्यारे आहेत. ओळखचोरीचा अहवाल दिल्यावर ब्युरोने चार कामकाजाच्या दिवसांत ती नोंद रोखली पाहिजे. ज्या दुकानाने किंवा बँकेने खोटे खाते उघडले त्याने अर्जाची कागदपत्रे मागितल्यापासून ३० दिवसांत दिली पाहिजेत. आणि सात वर्षांचा विस्तारित अलर्ट मागता येतो. लोक पहिले वापरतात, दुसरे विसरतात. प्रत्यक्षात चोराचा पत्ता आणि फोन दुसऱ्यातूनच हाती लागतो.

एच-१बी व्हिसावर काही वर्षे राहून पुण्याला किंवा नाशिकला परतलेल्यांची इथे वेगळी अडचण होते. सोशल सिक्युरिटी क्रमांक तसाच राहतो, पण अमेरिकी फोन क्रमांक बंद झाल्याने ब्युरोचा ओटीपी येत नाही आणि भारतीय पत्ता त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नाही. मग पासपोर्टच्या आणि सोशल सिक्युरिटी कार्डाच्या प्रती लावून टपालाने अर्ज करण्याची वेळ येते. परतायच्या महिन्याभर आधी, फोन चालू असतानाच, तिन्हीकडे ऑनलाइन खाते उघडून गोठवून ठेवावे, खात्यावर बंद न होणारा ईमेल द्यावा.

हेच भारतात झाले असते तर

या चोरीत अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातील ग्राहक बाधित म्हणून जाहीर झाले होते. भारतात इक्विफॅक्स ही सिबिल, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्कप्रमाणे परवानाधारक ब्युरो आहे. चौघींकडून दरवर्षी एकेक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेक मागवला तर वर्षभर नजर राहते. चूक दुरुस्त करायला तक्रारीपासून ३० दिवस उलटले, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. अमेरिकेसारखा गोठवण्याचा वैधानिक हक्क मात्र आपल्याकडे नाही, आणि ही मोठी उणीव आहे.

भरपाईचा रस्ता आज माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मधून जातो. संवेदनशील माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्या कंपनीकडून पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे मांडता येतो. महाराष्ट्रात हे काम माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे असते. २०१३ मध्ये पुण्याच्या एका उद्योगाच्या खात्यातून ८०.१० लाख रुपये गेले, तेव्हा याच पदावरील अधिकाऱ्याने पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख द्यायला सांगितले. तक्रारदाराने फसव्या ईमेलला उत्तर दिले होते म्हणून पूर्ण रक्कम नाही, पण पैसे ज्यांत वळले ती खाती नीट न तपासता उघडली गेली होती म्हणून बँक सुटली नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मुळे हे चित्र बदलते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. चोरी झाल्यास कंपनीने प्रत्येक बाधिताला विनाविलंब कळवायचे: काय गेले, कधी, काय परिणाम होऊ शकतो, तुम्ही काय करावे, कोणाशी बोलावे. माहिती संरक्षण मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. बाधिताला रुपयाही नाही. शिवाय याच कायद्याने कलम ४३अ वगळले आहे. कळवण्याची ही बंधने, हा दंड आणि ४३अ वगळणारी तरतूद हे सगळे नियमांच्या अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होते. इक्विफॅक्ससारख्या तडजोडीत दंड आणि ग्राहक निधी वेगळे होते. आपल्याकडे त्यानंतर फक्त दंडच उरेल, आणि भरपाईसाठी ग्राहक आयोगात ‘सेवेतील त्रुटी’चा दावा ही वाट शोधावी लागेल. त्या वाटेवर कंपनीशी तुमचा सेवेचा संबंध सिद्ध करावा लागतो, आणि क्रेडिट ब्युरोच्या बाबतीत तोच सर्वांत कच्चा दुवा आहे.

खात्यातून पैसेच गेले असतील तर हिशेब वेगळा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकारात बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास खात्याच्या प्रकारानुसार मर्यादित. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते. तेव्हा आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन, दोन्हींचे क्रमांक लिहून ठेवणे. ४३अ चा अर्ज त्यानंतर, आणि त्याला या क्रमांकांची प्रत जोडूनच.